हेलन ब्रॉक बेपत्ता प्रकरण : तर्क अनेक, उत्तर नाही

अमेरिकेतील शिकागो शहराजवळ राहणाऱ्या श्रीमंत विधवा हेलन ब्रॉक १७ फेब्रुवारी १९७७ रोजी बेपत्ता झाल्या. त्यावेळी त्यांचे वय ६५ वर्षे होते. त्यांचा मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही आणि त्यांच्या हत्येच्या गुन्ह्याखाली कोणालाही शिक्षा झालेली नाही. मात्र या प्रकरणाविषयी लोकांनी बांधलेल्या तर्कांची संख्या मोठी आहे. त्यातील काही तर्क तपासाला उपयोगी ठरले, तर काहींमुळे केवळ संशयाचे धुके दाट झाले.

पार्श्वभूमी

हेलन यांचा जन्म १९११ मध्ये ओहायो राज्यातील युनियनपोर्ट या लहानशा गावी एका सामान्य कुटुंबात झाला. फ्लोरिडातील एका क्लबमध्ये पाहुण्यांच्या टोप्या व कोट सांभाळण्याचे काम करीत असताना त्यांची फ्रँक ब्रॉक यांच्याशी ओळख झाली. फ्रँक हे शिकागोतील प्रसिद्ध कँडी उत्पादक घराण्याचे वारस होते. १९५१ मध्ये दोघांचा विवाह झाला. १९६६ मध्ये कंपनीची विक्री करण्यात आली आणि १९७० मध्ये फ्रँक यांचे निधन झाले. त्यानंतर हेलन ग्लेनव्ह्यू येथील घरी राहू लागल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. प्राण्यांविषयी त्यांना विशेष जिव्हाळा होता आणि १९७४ मध्ये त्यांनी एक धर्मादाय प्रतिष्ठानही स्थापन केले होते.

शेवटचे दर्शन

फेब्रुवारी १९७७ मध्ये हेलन प्रकृतीच्या तपासणीसाठी मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये गेल्या होत्या. १७ फेब्रुवारी रोजी तेथून निघाल्यावर त्यांनी जवळच्या एका दुकानात खरेदी केली. आपण घाईत आहोत, घरचा नोकर वाट पाहत आहे, असे त्या म्हणाल्याचे दुकानातील महिलेने नंतर सांगितले. निःपक्षपाती साक्षीदाराने त्यांना पाहिल्याची ही शेवटची नोंद होय.

घराची देखभाल करणाऱ्या नोकराचे कथन मात्र वेगळे होते. आपण त्यांना शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून घरी आणले, त्या शनिवार-रविवार घरीच होत्या आणि सोमवारी फ्लोरिडाला जाण्यासाठी आपणच त्यांना पुन्हा विमानतळावर सोडले, असे त्याने पोलिसांना सांगितले. परंतु रॉचेस्टरहून येणाऱ्या विमानातील कर्मचाऱ्यांना त्या आठवत नव्हत्या आणि त्या चार दिवसांत अन्य कोणाचेही त्यांच्याशी बोलणे झाले नव्हते. त्या बेपत्ता असल्याची तक्रार सुमारे दोन आठवड्यांनंतर नोंदविण्यात आली. हा विलंब तपासाला महागात पडला.

संशयाची पहिली दिशा

साहजिकच लोकांची पहिली नजर या नोकराकडे वळली. हेलन यांच्या नावाने त्याला दिलेल्या धनादेशांवरील सह्या त्यांच्या नसल्याचे तपासात आढळले. त्या काळात घरात रंगकाम झाल्याचेही उघड झाले. हेलन यांच्या रोजनिश्या जाळून टाकण्यात आल्या होत्या. त्यांची तशीच सूचना होती, असे त्यावर सांगण्यात आले. या तपशिलांतून परिसरात अनेक भीषण कथा तयार झाल्या. तरीही या नोकरावर हत्येचा आरोप कधीच ठेवण्यात आला नाही. २०११ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्याविषयीच्या संशयाची न्यायालयात ना सिद्धता झाली, ना निरसन.

घोड्यांचा व्यापारी

दुसरा तर्क प्रथम रस्त्यावर उमटला. ग्लेनव्ह्यू परिसरातील एका रस्त्यावर कोणीतरी रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले की, श्रीमती ब्रॉक यांचा मृतदेह कोठे आहे हे रिचर्ड बेली यांना ठाऊक आहे. लिहिणारा कोण, हे निष्पन्न झाले नाही. बेली हे घोड्यांचे व्यापारी होते आणि हेलन यांच्याशी त्यांची जवळीक होती. त्यांच्यामार्फत १९७५ मध्ये हेलन यांनी विकत घेतलेल्या घोड्यांची खरी किंमत त्यांनी मोजलेल्या रकमेच्या मानाने फारच कमी होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय यंत्रणांनी हा तपास पुन्हा हाती घेतला. त्यातून एकाकी, धनवान स्त्रियांना निकृष्ट घोडे भरमसाट किमतीला विकण्याचा धंदा उघडकीस आला. विम्याच्या रकमेसाठी मौल्यवान घोडे ठार मारले जात असल्याचे एक मोठे प्रकरणही या तपासामुळे बाहेर आले. १९९४ मध्ये बेली यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. १९९५ मध्ये त्यांनी फसवणुकीच्या गुन्ह्यांची कबुली दिली, परंतु हेलन यांच्या हत्येशी आपला संबंध असल्याचे त्यांनी कायम नाकारले.

येथे कायद्याचा एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित झाला. गुन्हा सिद्ध करण्यासाठी संशयातीत पुरावा लागतो, मात्र शिक्षेचे प्रमाण ठरविताना न्यायाधीशांना शक्यतेच्या प्राबल्यावर विसंबता येत असे. हेलन आपल्याविरुद्ध तक्रार करतील या भीतीने बेली यांनी त्यांच्या हत्येच्या कटात भाग घेतला, असा निष्कर्ष न्यायाधीश मिल्टन शादूर यांनी या कमी कठोर निकषावर काढला आणि त्यांना ३० वर्षांची शिक्षा सुनावली. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणजे हत्येच्या गुन्ह्यात दोषी न ठरताही बेली यांची शिक्षा त्या हत्येमुळे वाढली. २०१९ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांची सुटका झाली.

नवा दावा

२००५ मध्ये प्रकरणाला नवे वळण मिळाले. घोड्यांच्या व्यवहारांशी संबंधित असलेल्या एका व्यक्तीने हेलन यांच्या हत्येत आपला सहभाग होता आणि मृतदेह इंडियाना राज्यातील पोलाद कारखान्याच्या भट्टीत टाकण्यात आला, असा दावा केला. या कथनात अनेक जुन्या प्रश्नांची उत्तरे होती, परंतु ते पडताळून पाहण्यासाठी भौतिक पुरावा नव्हता. त्यावरून कोणावरही खटला भरण्यात आला नाही.

कायद्यापुरते उत्तर

सात वर्षे उलटल्यावर १९८४ मध्ये न्यायालयाने हेलन यांना मृत घोषित केले आणि मृत्यूची तारीख १७ फेब्रुवारी १९७७ मानली. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या व्यक्तीविषयी असेच गृहीतक भारतातही आहे. पूर्वी ते भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. अशा घोषणेमुळे वारसा व मालमत्तेचे प्रश्न सुटतात. मृत्यू कसा झाला आणि त्याला जबाबदार कोण, याचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

हेलन यांच्या संपत्तीचा मोठा भाग त्यांच्या प्रतिष्ठानाकडे गेला आणि त्यातून प्राण्यांच्या संरक्षणासह अनेक कार्यांना मदत मिळाली. युनियनपोर्ट येथील दफनभूमीत त्यांचे पती फ्रँक आणि त्यांचे लाडके कुत्रे यांना पुरण्यात आले आहे. शेजारी हेलन यांच्या नावाचीही समाधी आहे. ती रिकामी आहे.