पाणी, वीज आणि बर्कली

कॅलिफोर्नियातलं बर्कली हे गाव या गोष्टीत दोनदा येतं. इथल्या जकुझी कुटुंबाचा धंदा पंपांचा. कँडिडो जकुझींच्या लहानग्या केनेथला संधिवात जडला, तेव्हा घरच्या टबात पाणी घुसळणारा पंप तयार झाला. 1956 मध्ये तो ‘जे-300’ नावाने बाजारात आला. बापाच्या मायेतून जन्मलेलं यंत्र, पण विजेवर चालणारं आणि पाण्यात बसलेल्या माणसाजवळचं!

त्याच गावातल्या विद्यापीठात प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होते: किती विजेने हात तारेला चिकटून राहतो? स्वयंसेवकांवर त्यांनी हे मोजलं. पुरुषांची सरासरी आली सुमारे 16 मिलिअँपिअर, स्त्रियांची 10.5. नेहमीचा फ्यूज इतक्या गळतीने वितळतच नाही.

म्हणून 1961 मध्ये त्यांनी नवा रक्षक घडवला. गेलेली वीज आणि परतलेली वीज तो सतत ताडून पाहतो. फरक साधारण 5 मिलिअँपिअरचा झाला, की क्षणार्धात पुरवठा तोडतो.

आपल्याकडे गीझरच्या लाइनवर याच तत्त्वाचा, बहुधा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर असतो. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून जरूर दाबून पाहा.