कीबोर्ड इनपुट, नॉन-ब्लॉकिंग

प्रोग्रामचा मुख्य लूप फिरता ठेवून, कळ दाबलेली असेल तरच ती वाचण्याची पद्धत. खेळ, यंत्रांवरची देखरेख, पडद्यावर सतत सरकणारे आलेख यांना ती लागते. सी भाषेतली स्कॅनएफ किंवा गेटच ही फंक्शन्स इनपुट येईपर्यंत प्रोग्राम अडवून धरतात; सापाचा खेळ असेल तर साप जागीच खिळतो. म्हणून ‘कळ आली का?’ आणि ‘कोणती आली?’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीला, यवतमाळ-पुसदकडच्यांनाही, ही युक्ती भेटली ती बोर्लंडच्या टर्बो सीमध्ये (१९८७). हाताशी बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ असे. टर्बो सीतले केबीहिट फक्त डोकावते, कळ उचलत नाही. उचलायचे काम गेटचचे. बाणाच्या कळांसाठी मात्र गेटच दोनदा बोलवावे लागते : आधी ० येतो, मग वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७. दुसरे वाचन राहून गेले, की वरचा बाण पुढच्या फेरीत मोठा ‘एच’ होऊन उगवतो. बायोसच्या बफरमध्ये १५ कळा मावतात; तो भरला की पीसी बीप बीप करू लागतो.

लिनक्सवर आल्यावर ही सवय अडते. तिथे केबीहिट मुळात नाही, कारण एंटर दाबेपर्यंत टर्मिनल सगळी ओळ स्वतःकडेच ठेवते. टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या टर्मिऑसद्वारे आयकॅनॉन (ओळ साठवणे) आणि इको (टाइप केलेले दाखवणे) बंद करून व्हीमिन (किमान बाइट) व व्हीटाइम (थांबण्याची मुदत) शून्यावर आणले, की वाचन लगेच परतते, हाती काही लागो वा न लागो. एनकर्सेस या लायब्ररीत हेच काम नोडिले करते. पण नुसते विचारत राहणारा लूप प्रोसेसरचा एक अख्खा कोअर खाऊन टाकतो. पोल किंवा सिलेक्ट या सिस्टिम कॉलला २० मिलिसेकंदांसारखी मुदत देणे बरे. तेवढ्यात कळ आली तर ती, नाही तर साप एक घर पुढे.

बाहेर पडताना टर्मिनलची मूळ मांडणी परत करावी लागते. प्रोग्राम मध्येच कोसळला तर इको बंदच राहतो आणि टाइप केलेले दिसतच नाही. तेव्हा न दिसताच ‘एसटीटीवाय सेन’ टाइप करून एंटर दाबायचे. हे एकदा तरी प्रत्येकाच्या वाट्याला येते.

देवनागरीची अडचण निराळी, आणि इंग्रजी पुस्तकांतली उदाहरणे तिकडे सहसा फिरकत नाहीत. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘यवतमाळ’ म्हणजे काना धरून सहा चिन्हे, १८ बाइट. एकेक बाइट उचलणाऱ्या लूपला ‘य’ तीन तुकड्यांत मिळतो, आणि तिन्ही एकाच फेरीत येतील याची हमी नसते. अपुरे बाइट बाजूला राखून ठेवायचे आणि चिन्ह पुरे झाल्यावरच ते पुढे द्यायचे.