कार्यालयीन दाटी

कार्यालयीन दाटी म्हणजे कार्यालयातील जागा, हवा आणि सोयी यांच्या मानाने तेथे काम करणाऱ्यांची संख्या जास्त असण्याची स्थिती. टेबलांमधील अपुरे अंतर, सततची बोलणी, कोंदट हवा, स्वच्छतागृहापुढील रांगा आणि कागदपत्रांचे ढीग ही तिची दृश्य लक्षणे होत. दाटीचा परिणाम कामाच्या दर्जावर, आरोग्यावर आणि सहकाऱ्यांमधील संबंधांवर होतो. तिला तोंड देण्याचे उपाय वैयक्तिक, सामूहिक आणि व्यवस्थापकीय अशा तीन पातळ्यांवर केले जातात.

== संकल्पना ==
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल स्टोकोल्स यांनी १९७२ मध्ये घनता आणि दाटी यांत भेद केला. घनता ही दर चौरस मीटरला माणसे किती, अशी मोजता येणारी बाब आहे. दाटी हा त्या स्थितीत माणसाला येणारा अनुभव आहे. लग्नमंडपातील गर्दी हवीशी वाटते. तितकीच गर्दी मार्चअखेरीस हिशेब जुळवताना नकोशी होते.

हा फरक मुख्यतः नियंत्रणाच्या जाणिवेमुळे पडतो. डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही व्यक्तींना त्रासदायक आवाज बंद करण्याचे बटण दिले होते. बहुतेकांनी ते वापरले नाही. तरीही बटण नसलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यावर आवाजाचे दुष्परिणाम कमी झाले. आपल्या जागेवर, आवाजावर आणि वेळेवर थोडा तरी ताबा मिळवून देणारे उपाय दाटीत उपयोगी का पडतात, हे यावरून समजते.

== इतिहास ==
मोठ्या दालनात अनेक कर्मचाऱ्यांना एकत्र बसवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेली अमेरिकेतील बफलो येथील लार्किन इमारत (१९०६) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून झाडे व हलते पडदे वापरणारी 'ब्युरोलांडशाफ्ट' ही रचना पुढे आली.

रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या कंपनीसाठी 'ॲक्शन ऑफिस' ही फर्निचर प्रणाली विकसित केली (१९६४, सुधारित आवृत्ती १९६८). कर्मचाऱ्याला मोकळीक व एकांत मिळावा हा तिचा हेतू होता. मात्र कमी जागेत जास्त माणसे बसवण्यासाठी तिचे अनुकरण झाले आणि त्यातून चौकोनी कप्प्यांची 'क्युबिकल' पद्धत फोफावली. पुढे अनेक ठिकाणी हे कप्पेही काढून सलग टेबलांच्या रांगा मांडण्यात आल्या.

== परिणाम ==
=== लक्ष व संवाद ===
दाट कार्यालयात सर्वाधिक व्यत्यय शेजारच्या बोलण्याचा येतो. पंख्याच्या एकसारख्या घरघरीपेक्षा अर्थ कळणारे बोलणे लक्ष अधिक विचलित करते. गॅरी इव्हान्स व डॅना जॉन्सन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस महिला लिपिकांपैकी काहींना तीन तास कार्यालयीन आवाजात, तर इतरांना शांत जागेत काम करण्यास सांगितले होते. शांत जागेतील गटाच्या तुलनेत आवाजातील गटाने नंतर दिलेली अवघड कोडी लवकर सोडून दिली. त्यांच्या शरीरातील ॲड्रेनलिनचे प्रमाणही जास्त आढळले.

जवळ बसवल्याने संवाद वाढतो हा समज सर्वत्र खरा ठरत नाही. इथन बर्नस्टाइन व स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खुल्या रचनेत गेल्यावर समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेलचा वापर वाढला.

=== हवा व संसर्ग ===
माणसांच्या श्वासोच्छ्वासाने बंद दालनातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते. ते मोजून हवा पुरेशी खेळती आहे की नाही याचा अंदाज घेता येतो. दाटीमुळे श्वसनमार्गाचे आजारही लवकर पसरतात. मार्च २०२० मध्ये सोल येथील एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावरील कॉल सेंटरमधील २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना कोविड-१९ ची लागण झाली; त्यांपैकी बहुतेक जण मजल्याच्या एकाच बाजूला बसत होते.

== कायदेशीर तरतुदी ==
ब्रिटनमध्ये १९९२ च्या कार्यस्थळ नियमांसोबतच्या आचारसंहितेनुसार दर माणशी किमान ११ घनमीटर जागा अपेक्षित आहे. ३ मीटरपेक्षा वरची उंची त्यात धरली जात नाही. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १६ मध्ये नव्या कारखान्यांसाठी दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा ठरवण्यात आली होती. हे प्रमाण कारखान्यांपुरते होते. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीचे आकारमान ९० घनमीटर भरते. पहिल्या निकषाने तीत आठ, तर दुसऱ्याने सहाच माणसे मावतात.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये दाटी टाळणे व पुरेशी जागा देणे ही मालकाची जबाबदारी मानली आहे. केंद्र व राज्य शासनाच्या कार्यालयांना मात्र ही संहिता लागू नाही.

== उपाययोजना ==
=== वैयक्तिक ===
* एकाग्रतेची कामे कमी वर्दळीच्या वेळी आणि फुटकळ कामे गर्दीच्या वेळी करणे.
* शक्य असल्यास ये-जा होणाऱ्या वाटेकडे पाठ किंवा तोंड न करता बाजूने बसणे.
* दर तासा-दीड तासाने जागेवरून उठून मोकळ्या हवेत जाणे.
* कानात बोळे घालणे किंवा हेडफोन लावून शब्दविरहित, एकसुरी ध्वनी ऐकणे. गाण्यांचे शब्द वाचन-लेखनात अडथळा आणू शकतात.

=== सामूहिक ===
सहकाऱ्यांनी आपसांत ठरवलेले संकेत विनाखर्च लागू करता येतात. दूरध्वनीवर बाहेर जाऊन बोलणे, दिवसातील एखादा तास शांततेसाठी राखणे, डबा टेबलावर न खाणे आणि कामात गढलेल्याला न हटकणे ही त्याची उदाहरणे होत. असे संकेत वरिष्ठांनीही पाळले तरच टिकतात. तक्रार करताना खोलीचे माप, माणसांची संख्या आणि व्यत्ययांची नोंद जोडून ती लेखी व एकत्रितपणे मांडल्यास ती एका व्यक्तीची कुरकुर म्हणून दुर्लक्षिली जाण्याची शक्यता कमी होते.

=== व्यवस्थापकीय ===
पाळ्यांच्या वेळा बदलणे, काही दिवस घरून कामाची मुभा देणे, छपाईयंत्रे बसण्याच्या जागेपासून दूर हलवणे, ध्वनिशोषक छत बसवणे आणि वायुवीजन सुधारणे हे प्रमुख उपाय आहेत. टेबले पाळीपाळीने वापरण्याच्या पद्धतीने जागा वाचते. परंतु ठरलेली जागा गेल्याने कर्मचाऱ्याचा ताबा आणखी कमी होतो.

अनेक कार्यालयांत माणसांइतकीच जागा जुने कागद अडवतात. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातील अभिलेखांची छाननी करून बैठकव्यवस्था बदलली. हा प्रयोग 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र शासनाच्या पद्धतीत अभिलेखांचे 'अ' (कायम), 'ब' (३० वर्षे), 'क' (१० वर्षे), 'क-१' (५ वर्षे) आणि 'ड' (१ वर्ष) असे वर्गीकरण होते. मुदत संपलेले कागद नियमित नष्ट केल्यास भाड्याने नवी जागा न घेताही दालन मोकळे होते.

== मर्यादा ==
वैयक्तिक उपायांनी दाटीचा त्रास कमी जाणवतो. दाटी मात्र कायम राहते. हेडफोनने हवा शुद्ध होत नाही आणि आपसांतील संकेतांनी आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट रुंद होत नाही. त्यामुळे आरोग्य व सुरक्षिततेशी निगडित बाबींत जागा वाढवणे किंवा एका वेळी उपस्थित राहणाऱ्यांची संख्या घटवणे आवश्यक ठरते, आणि ती जबाबदारी व्यवस्थापनाकडे येते.

== हे सुद्धा पहा ==
* कार्यस्थिती विज्ञान
* ध्वनिप्रदूषण
* वायुवीजन
* घरून काम