निर्धूर चूल : गृहोपदेशाच्या इतिहासातील एक प्रकरण

गृहिणीस उद्देशून केलेल्या उपदेशाचे तीन विषय जवळजवळ ठरलेले असतात : पैसा वाचवावा, प्रकृती जपावी आणि नवे साधन वापरावे. हे तीनही उपदेश एकाच वस्तूच्या ठायी एकवटल्याचे विसाव्या शतकातील भारतामधील ठळक उदाहरण म्हणजे निर्धूर चूल होय. सुमारे सहा दशके तिचा प्रचार झाला. संस्था, शासन आणि शास्त्रज्ञ यांनी तो केला. तथापि त्या प्रचाराच्या मानाने तिचा स्वीकार अल्पच राहिला. या अपयशाचे खापर बहुधा खेड्यातील स्त्रीच्या अज्ञानावर किंवा रूढिप्रियतेवर फोडण्यात येते. हे निदान कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की, जुनी चूल काटकसरीस पारखी नव्हती. महाराष्ट्रातील मातीच्या चुलीला लागून वैल असे. मुख्य जाळावर भात किंवा भाकरी होत असता वाया जाणाऱ्या उष्णतेवर वैलावरचे कालवण शिजे. रात्री निखारे राखेत झाकून ठेवून सकाळी त्यांवरच पुन्हा जाळ करण्याची रीत होती. सरपण, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांपैकी जे हाती येईल ते जाळण्याची सोय या चुलीत होती. तिचा दोष एकच, पण मोठा होता : धूर घरात कोंडे आणि तो फुंकणी हाती घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत व छातीत जाई.

या दोषाकडे प्रथम लक्ष गेले ते ग्रामोद्धाराच्या चळवळीत. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्धा येथील मगनवाडी हे त्याचे केंद्र होते आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे कार्यवाह होते. धुराडे असलेली, मातीचीच पण बंदिस्त अशी ‘मगन चूल’ ही याच परिसराची देणगी होय. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनीही अशाच चुलीचा आराखडा सिद्ध केला, व कोट्यवधींची स्वयंपाकघरे निर्धूर कशी करावीत हे सांगणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका १९५३ साली मद्रासला प्रसिद्ध झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस आरंभ झाल्यावर हा उपदेश ग्रामसेविकांच्या मुखी आला. या पहिल्या पर्वातील मुख्य आश्वासन स्वच्छतेचे व आरोग्याचे होते; सरपणाची बचत हे त्याच्या जोडीचे फळ मानले जाई.

दुसऱ्या पर्वात हा क्रम उलटला. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला. १९७५ साली एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईस ‘दुसरे ऊर्जासंकट’ असे संबोधले आणि जंगलतोडीचा संबंध गरिबांच्या चुलीशी जोडला जाऊ लागला. १९८३ च्या अखेरीस भारत शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जुन्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास धरली जाई; नव्या चुलीने किमान वीस टक्के गाठावी अशी अपेक्षा होती. २००२ मध्ये हा कार्यक्रम संपेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. चूल तीच, उपदेश करणारेही पुष्कळदा तेच. परंतु आता स्त्रीच्या डोळ्यांपेक्षा देशाची वने महत्त्वाची ठरली होती.

ही दोन्ही उद्दिष्टे एकाच साधनाने साधतील असे गृहीत धरण्यात आले, आणि येथेच मूळ घोटाळा आहे. भांड्यास अधिक उष्णता पोहोचविणे ही एक गोष्ट आणि इंधन पूर्णपणे जाळणे ही दुसरी. जाळ बंदिस्त करून हवा आवरली, तर सरपण कमी लागते. पण ज्वलन अपुरे होऊन प्रत्येक काटकीमागे धूर वाढू शकतो. उलट धुराड्याची ओढ वाढविली, तर धूर बाहेर जातो, पण त्याबरोबर उष्णताही निघून जाते. प्रयोगशाळेत या दोहोंचा मेळ झडपेने घालता येतो. घरात ती झडप दिवसातून अनेकदा कोणी हलवावयाची, याचे उत्तर आराखड्यात नव्हते.

बचतीचा हिशोबही असाच एकांगी होता. जेथे सरपण विकत घेतले जात नाही, वेचून आणले जाते, तेथे वाचतो तो पैसा नव्हे, तर स्त्रीचा वेळ. धुराड्याचा नळ फुटला तर मात्र रोख पैसा लागे, आणि तो बहुधा पुरुषाच्या हाती असे. म्हणजे लाभ एकीच्या श्रमांत आणि खर्च दुसऱ्याच्या खिशातून, अशी ही वाटणी होती. शिवाय काजळी काढणे, भेगा लिंपणे व लाकडे बारीक फोडणे ही नवी कामे स्त्रीच्याच वाट्याला आली. बंदिस्त चुलीच्या लहान तोंडापुढे भाकरी आराला लावून शेकता येईना, ही अडचण क्षुल्लक नव्हे. जेथे भाकरी हेच मुख्य अन्न, तेथे ती चुलीच्या उपयोगाचीच कसोटी ठरते.

उपदेशाची दिशा बदलल्यावर काय घडू शकते, याचीही उदाहरणे आहेत. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी मधु सरीन यांनी हरियाणातील नाडा या खेड्यात स्त्रियांनाच चूल घडविण्याचे शिक्षण दिले. तेथे चुलीचे माप वापरणारीची भांडी व गरज पाहून ठरे. पुण्यास १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेने साच्यांवरून चुली घडविण्याचे तंत्र महाराष्ट्रातील ग्रामीण कारागिरांपर्यंत नेले. या दोन्ही प्रयत्नांत चूल ही वाटावयाची वस्तू राहिली नाही, घडविण्याची व दुरुस्त करण्याची विद्या झाली.

परिणामांचे मोजमाप मात्र उशिरा झाले. कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर मोजून ते निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले; मगनवाडीच्या प्रयोगांपासून तोवर कित्येक दशके लोटली होती. पुढे एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन व रेमा हॅना यांनी ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांचे चार वर्षांपर्यंत निरीक्षण केले. त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रथम पुढे आले. पहिल्या वर्षी धूर घटला. नंतर तो लाभ ओसरला. फुफ्फुसांच्या कार्यात सुधारणा आढळली नाही, की इंधनही वाचले नाही. चुली नीट राखल्या गेल्या नाहीत आणि त्यांचा वापर घटत गेला, हे त्याचे कारण.

तिसऱ्या पर्वात चूल सुधारण्याचा विचार मागे पडून ती बदलण्याचा विचार पुढे आला. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत आठ कोटीवी गॅसजोडणी देण्यात आली. येथे आरोग्य हे पुन्हा अग्रभागी आले. परंतु त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार या लाभार्थींकडून वर्षाकाठी सरासरी चारांहूनही कमी सिलिंडर भरून घेतले जात होते. वेचलेल्या सरपणापुढे विकतचा गॅस महागच पडतो. म्हणून अनेक घरांत गॅसची शेगडी व चूल दोन्ही नांदत राहिल्या.

या तीन पर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आरोग्य, वने आणि पुन्हा आरोग्य असा आश्वासनांचा क्रम उपदेश करणाऱ्यांच्या चिंतांप्रमाणे बदलला. चुलीपुढे बसणारीचा हिशोब मात्र स्थिर होता. सरपण वेचण्याचे तास, धुराड्याची निगा, भाकरीची शेक आणि हाती नसलेला रोख पैसा या चार बाबी तिने एकत्र तोलल्या, आणि तो तोल नवीन चुलीच्या बाजूने झुकला नाही तेव्हा जुनी चूल पुन्हा पेटविली. यास रूढिप्रियता म्हणणे न्याय्य नव्हे. बसविलेल्या चुलींचे आकडे दप्तरांत सापडतात. विझलेल्या चुलींची नोंद सहसा कोणी ठेवलेली नाही. गृहोपदेशाचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या नोंदीचा शोध घेणे हेच अभ्यासकाचे खरे काम होय.