नांदगावची वाट आणि दोन देणग्या

नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग राजनांदगाव आणि दुर्ग ओलांडून भिलाईस येतो. 1955 साली येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून किती मराठी माणसे ह्या मार्गाने नोकरीसाठी येथे आली, ह्याची गणती कोणी ठेवलेली नाही. सुपेल्यात बिऱ्हाड मांडून बसलेले आम्ही त्यांतलेच. परंतु कारखान्याच्या कितीतरी आधी, 1893 साली, ह्याच मार्गाने पोटापाण्याच्या शोधात एक मराठी कवी निघाला होता. त्याच्या प्रवासाची आठवण आम्हां बदलीच्या माणसांस विशेष जवळची वाटावी अशी आहे.

हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले हे गृहस्थ संस्कृतात निष्णात, वक्तृत्वात निपुण आणि एका जागी स्थिर न राहणारे. नागपुरातील आश्रय सुटल्यावर ते नांदगाव संस्थानात चाकरीच्या आशेने निघाले. गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने निघताना त्यांच्या हाती बायबल ठेवले आणि ते वाचण्याचे वचन घेतले. डोंगरावरील प्रवचनाच्या अध्यायांनी टिळकांचे मन असे काही धरले की, दोन वर्षांच्या आत, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करण्याचा येथे आमचा हेतू नाही. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. ईश्वराने दिलेल्या देणगीचे माणसाने करावे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानात एका धन्याचा दृष्टांत आहे. परदेशी जाताना तो आपले द्रव्य चाकरांच्या हवाली करतो. दोघे ते खेळवून वाढवतात. तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसेच्या तसे परत करतो. ठपका येतो तो ह्या तिसऱ्यावर, आणि त्याने तर एक पैही बुडवलेली नसते! देणगी राखणे पुरेसे नाही, ती चलनात आणली पाहिजे, असा ह्या कथेचा रोख आहे.

टिळकांची देणगी म्हणजे त्यांची वाणी. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळीत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून उतरवलेली आणि विलायती चालींवर बसवलेली असत. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ही संतांची साधने तेथे आणली. त्यांची शंभराहून अधिक भक्तिगीते मराठी चर्चच्या उपासनेत रुजली. 1912 पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या तरुण कवीस, म्हणजे आपल्या बालकवींस, त्यांनी अहमदनगरास स्वतःच्या घरी ठेवून घेतले. दुसऱ्याची देणगी ओळखून तिला आसरा देणे हीदेखील एक देणगीच होय. 1917 साली तर त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ती पुरती फळास येण्यापूर्वीच 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

येथवरची कथा गौरवाची आहे. परंतु औदार्याचा जमाखर्च मांडताना खर्चाची बाजू कोणी सोसली, हेही पाहावयास हवे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजवंतास ते देऊन मोकळे होत, आणि मागे चूल पेटवण्याची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. सोवळेओवळे, नातीगोती, विश्वास ह्या साऱ्यांची ओढाताण त्यांनी सोसली, आणि 1900 साली स्वतःच्या मनाने पटल्यावरच त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एकाचे दातृत्व पुष्कळदा दुसऱ्याच्या सोसण्यावर उभे असते. हे ध्यानी न घेता केलेली स्तुती अपुरी आहे.

आणि ह्याच बाईंपाशी दुसरी देणगी होती. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांस मिळाले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर घरीच शिकल्या. तरी टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले, आणि त्यात 64 अध्यायांची भर घातली. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा मराठी वाचकांस एक अपूर्व गद्य लाभले. त्यात पतीचा राग आहे, विनोद आहे, प्रेम आहे. तक्रार मात्र विषारी नाही. आज आम्ही टिळकांस ओळखतो ते बव्हंशी लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी. ज्या घरात एकाची देणगी गाजत होती, तेथे दुसरी चुलीपाशी मुकाट्याने पिकत होती.

आम्हां कचेरीतल्या माणसांस काव्य प्रसन्न नसेल. पण टाचण लिहिण्याचा हात आहे, नियम वाचण्याची दृष्टी आहे, हिशोब जुळवण्याची चिकाटी आहे. निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणाऱ्या शेजारच्या छत्तीसगढी विधवेस तिचा अर्ज नीट लिहून मिळाला, तर ती देणगी चलनात आली म्हणावयाची. ‘आपण येथले नव्हे, बदली झाली की जाऊ’ असे म्हणून हात आखडता घेणे म्हणजे द्रव्य जमिनीत पुरणेच होय. टिळकही नांदगावास येथले नव्हतेच. मात्र देताना घरातील कोणाच्या ताटातले आपण उचलतो, हे एकवार पाहून घ्यावे. आणि त्या ताटाशी बसलेल्या माणसापाशी कोणती देणगी आहे, हेही आवर्जून विचारावे.