झाडीपट्टीच्या मंचावरची बाई कोणी घडवली?

धान कापून, मळून घरात आलं की पूर्व विदर्भात नाटकांचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या जंगलाच्या, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत इथे गावोगावी शेतात मंडप पडतो आणि नाटक रात्रभर चालतं. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी होतात. या धंद्याचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, कागदोपत्री देसाईगंज. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे आहेत आणि गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात. २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

मी ब्रह्मपुरीकडची, या नाटकांवर वाढलेली. आता नागपुरात मित्रमैत्रिणींबरोबर शनिवारी रात्री ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एक जण गोष्ट पुढे नेतो आणि फासे टाकून काय घडलं ते ठरतं. आमच्या भाषेत याला सोंग घेणं म्हणतात.

आमच्या टेबलावर नवी मुलगी आली की तिला हमखास एक सल्ला मिळतो : जखमा बऱ्या करणारं पात्र घे, सोपं जाईल. सल्ला देणारे सगळे भले लोक आहेत. मात्र नव्या मुलाला असा सल्ला मिळालेला मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या हातात थेट तलवार येते. बाईला कोणतं सोंग शोभेल हे तिने तोंड उघडायच्या आधीच सगळ्यांना कसं माहीत असतं? याचा माग काढायला मला अमेरिकेपेक्षा वडसा जवळ पडतं.

झाडीपट्टीत आजच्या नाटकाच्या आधी दंडार होती, खडी गंमत होती. त्यात बायांची सोंगं पुरुषच घ्यायचे. गावातलाच कुणी तरुण लुगडं नेसून उभा राहायचा. बाईमाणसाने रात्री चारचौघांपुढे नाचायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि लिहायची गरजही नव्हती. आता नक्कल करायची म्हटलं की ठळक गोष्टीच उचलाव्या लागतात. चाल, मुरका, पदर, रुसवा, रडणं. यावर हशा येतो, टाळी येते. जे टाळी घेतं ते पुढच्या वर्षी पुन्हा होतं. असं होत होत ‘बाई म्हणजे अशी’ याचा साचा तयार होतो, आणि तो तयार होताना मंचावर एकही बाई नसते.

शहरातही वेगळं नव्हतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. पुढे भाऊराव कोल्हटकर आणि मग बालगंधर्व स्त्रीभूमिकांसाठी गाजले. बालगंधर्वांच्या साड्या, दागिने, केसांतली फुलं यांचं अनुकरण पुण्यामुंबईच्या घरंदाज बायका करत. म्हणजे पुरुषाने बाईवरून उचललेलं बाईपण बायका पुन्हा पुरुषाकडून शिकत होत्या. सिनेमाचीही सुरुवात अशीच झाली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती होते अण्णा साळुंखे. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोघंही तेच. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

या इतिहासाचा एक तुकडा मात्र आपण सहसा सांगत नाही. त्याच काळात फक्त बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या आणि तिथे पुरुषांची कामं बायका करायच्या. पुढे गोखले झालेल्या याच कमलाबाईंनीही मंचावर पुरुषभूमिका केल्या. हिराबाई पेडणेकरांनी नाटकं लिहिली. त्यांचं ‘दामिनी’ १९१२ चं. आता स्वतःलाच विचारून बघा : बालगंधर्व कोण हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, पण पुरुषाचं काम करणाऱ्या एका तरी नटीचं नाव तुम्हाला आज येण्याआधी माहीत होतं का? पुरुषाने बाई साकारली की ती कला ठरते आणि तिच्या नावाने नाट्यगृह उभं राहतं. बाईने पुरुष साकारला की तो किस्सा होतो आणि विसरला जातो. हे कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. आठवण ठेवतानाही आपण नकळत निवड करतो, एवढंच.

झाडीपट्टीत नट्या आल्या. बऱ्याच जणी नागपूरहून, काही आणखी लांबून. पण त्या आल्या तेव्हा मंच रिकामा नव्हता, साचा तिथे उभाच होता. मी लहानपणापासून पाहिलेल्या नाटकांत बाईसाठी ठरलेल्या जागा असत : सोसणारी बायको, घर फोडणारी बाई, खाष्ट सासू, आणि मधल्या गाण्यांत नाचणारी. डाव उलटवणं, शेवटचं भाषण करणं, लोकांना पोट धरून हसवणं ही कामं बहुतेक पुरुषांकडे. गावात नाटक ठरलं की चर्चा व्हायची ती अशी : विनोदी नट कोण आहे, आणि नाचणारी कोण आहे? एकाचं नाव विचारलं जायचं, दुसरीचं रूप. एखादी नटी फारच छान काम करून गेली तर सकाळी पाणवठ्यावर पुढचा प्रश्न असायचा, “पण चांगल्या घरची असंल का?” नटाबद्दल हा प्रश्न मी ऐकलेला नाही.

तरीही या मंचाला नावं ठेवून मोकळं होणं बरोबर नाही. दारू, हुंडा, टाकून दिलेली लेक या गोष्टी गावात मोठ्याने बोलल्या गेल्या त्या नाटकातच. शेजारच्या काकू मंडपात बसून हुंदके देत रडायच्या, तेव्हा त्या फक्त नायिकेसाठी रडत नव्हत्या. आणि एका मोसमाच्या कमाईवर घर चालवणाऱ्या नट्याही याच मंचाने उभ्या केल्या. म्हणूनच प्रश्न महत्त्वाचा आहे. जिथे इतक्या बायका तिकीट काढून बसतात, तिथे त्यांना दिसणारी बाई फक्त सोसतच असेल तर त्या घरी काय घेऊन जातात?

आता परत टेबलाकडे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. १९७८ च्या त्याच्या नियमपुस्तकात स्त्रीपात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा छापलेली होती. पंख असलेले सरडे आग ओकतात हे चालतं, पण बाई पुरुषाइतकी बलवान असणं चालत नाही! १९८९ च्या आवृत्तीत हा नियम काढला गेला. माझ्या टेबलावर बसलेल्या कुणाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता, आणि कुणी ते जुनं पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही. तरी नियम आमच्यापर्यंत पोचला. छापील होता तोवर त्याच्याशी भांडता येत होतं. आता तो “सोपं जाईल तुला” या मायेच्या वाक्यात राहतो. १९९५ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि महझरीन बानाजी या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या अशा नकळत चालणाऱ्या समजुतींवर सविस्तर मांडणी केली. लुगडं नेसलेल्या गड्यावर हसणाऱ्या आमच्या आजोबांना हा शब्द माहीत नव्हता, आम्हाला माहीत आहे. वागण्यात फार फरक पडलेला नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. नाटकधंद्याला ते जास्तच लागू पडतं. मंचावर बाई राणी होऊ शकते. पण संहिता कोण लिहितं, कोणतं काम कुणाला देतं, हिशेबाची वही कुणाच्या हातात असते, हे सोंगाच्या बाहेरचं आहे. हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली, तेव्हा बायकांची कामं बायकांनी करण्यासाठी कुणाची परवानगी मागायची उरली नाही. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’नंतर शहरी मंचावर हे सवयीचं होत गेलं. सवय बदलते, पण ठरवणाऱ्या जागेवर माणूस बदललं तर लवकर बदलते.

आमच्या गटाने गेल्या महिन्यापासून एक साधी गोष्ट सुरू केली आहे. नवं कुणी आलं की पात्र सुचवायचं नाही. सगळी पात्रं टेबलावर मांडायची आणि गप्प बसायचं. परवा आलेल्या मुलीने सगळे कागद वाचले, वेळ घेतला आणि चोराचं पात्र उचललं. गोष्ट सांगायची पाळी आता माझी आहे. गोष्ट वैनगंगेकाठच्या जंगलात घडते आणि तिच्यातल्या नाटक मंडळाची मालकीण एक म्हातारी आहे, जी पैसे मोजल्याशिवाय पडदा उघडू देत नाही. वडशाला अशी मालकीण असलेलं नाटक या मोसमात कुणी लावलं, तर गावाकडे जाऊन मी जमिनीवरचं तिकीट काढून बसेन.