छेदात कोण?

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. ही तारीख महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर त्यांनी केलेले भाषण मात्र फारसे कोणाला आठवत नाही. तळ्यावर हजारो माणसे होती, इथे नुसते आकडे होते. तरीही शिक्षणातली सत्ता आणि विषमता कशी अभ्यासावी याचा उत्तम वस्तुपाठ म्हणून मी या भाषणाकडे पाहतो.

आंबेडकर तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय जवळच, दामोदर हॉलमध्ये होते. प्रांतभर पाहणी करायला लागणारी माणसे आणि पैसा सभेकडे कुठून असणार? हाताशी होता तो शिक्षण खात्याचाच छापील अहवाल. आंबेडकरांनी त्यातलेच आकडे घेतले, फक्त भागाकारातला छेद निवडून घेतला. पटावर एकूण मुले किती, एवढ्यावर न थांबता त्यांनी विचारले : त्या त्या समाजाच्या लोकसंख्येमागे किती?

अहवालात लोकांचे चार वर्ग पाडलेले होते : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठे व तत्सम मधले हिंदू, आणि मागास वर्ग. प्राथमिक शाळेत दर हजारी प्रमाण अनुक्रमे ११९, ९२, ३८ आणि १८ निघाले. माध्यमिक शाळेत दर लाखामागे ३०००, ५००, १४० आणि १४. कॉलेजात दर दोन लाखांमागे १०००, ५२, १४, आणि मागास वर्गाच्या रकान्यात जवळजवळ शून्य.

हे आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. प्राथमिक शाळेत पहिल्या आणि शेवटच्या वर्गातले अंतर साडेसहा पटींचे आहे. माध्यमिकला ते दोनशे पटींच्या वर जाते. म्हणजे शाळा ही विषमता कमी करणारी शिडी नव्हती, पायरीगणिक ती विषमता वाढत होती. नुसता पट मोजणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

त्याच भाषणात आणखी दोन प्रश्न होते. पहिला गळतीचा : प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात ती अठराच. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. दुसरा पैशाचा : सरकार दरडोई चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे विचारलाच होता. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या जातींचे, असे त्यांचे म्हणणे होते. पंचेचाळीस वर्षांनी त्याच प्रश्नाला आंबेडकरांनी आणे-पैशांची जोड दिली.

२९ मे १९२८ रोजी दामोदर हॉलच्या पत्त्यावरून सायमन आयोगाला सभेचे एक निवेदन गेले. विषय होता मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांचे शिक्षण. त्यात आंबेडकर आकड्यांच्या मागे, इतिहासात गेले. खालच्या जातीची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असे मिशनरी सांगतात, पण आपली शिक्षणपद्धती प्रथम त्यांच्यात रुजली तर ती इतरांत पसरणार नाही, ही गव्हर्नर एल्फिन्स्टनची भीती त्यांनी समोर ठेवली. धारवाडचे प्रकरणही ठेवले. १८५६ च्या जूनमध्ये तिथल्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने जुलैत तो नाकारला. एका मुलासाठी शाळा इतरांना निरुपयोगी होईल, असे कारण दिले. हा मुलगा कोणत्याही पटावर नाही, गळतीतही नाही. त्याची खूण उरली ती त्याच्या अर्जावरच्या सरकारी ठरावात. कोण मोजले गेले याबरोबर कोण मोजणीपर्यंत पोचलेच नाही, हे शोधायचे तर असेच कागद वाचावे लागतात.

शासनाचे जुने दप्तर आज काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात आहे. याच कॉलेजातून आंबेडकर १९१२ साली बी.ए.च्या परीक्षेला बसले आणि उत्तीर्ण झाले. शून्याच्या रकान्यातला तो अपवाद होता. व्यवस्थेने त्यांच्याकडे बोट दाखवून 'दार उघडे आहे' असे म्हणणे सोपे होते. त्यांनी स्वतःचे उदाहरण पुरावा म्हणून वापरू दिले नाही. पुरावा म्हणून त्यांनी मांडला तो न आलेल्यांचा हिशेब.

आता आजच्या परळ-लालबागकडे येऊ. दहावीचे निकाल लागले की शाळांच्या फाटकांवर 'निकाल १०० टक्के' असे फलक लागतात. या शंभर टक्क्यांच्या छेदात असतात परीक्षेला बसलेली मुले. दहा वर्षांपूर्वी पहिलीत आलेली मुले त्यात नसतात. नववीत कच्च्या ठरलेल्या मुलाला '१७ नंबरचा फॉर्म भर' असे सांगितले जाते, हे शिक्षकांत सर्वांना ठाऊक आहे. तो बाहेरून परीक्षेला बसतो आणि शाळेच्या छेदातून निघून जातो. नापासही तो शाळेचा होत नाही.

या विभागातल्या काही शाळांची जनरल रजिस्टरे मी चाळली आहेत. शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरच्या पानांवर 'गावी गेले' हे दोन शब्द एकाखाली एक दिसतात. कधी 'सतत गैरहजर'. दोन्ही खरेच असणार. पण पगार बंद झाला म्हणून गावी गेलेले पोर आणि सुट्टीला गेलेले पोर रजिस्टरात सारखेच दिसते. म्हणून नुसता छेद बदलून भागत नाही. छेदातून गळालेल्या नावांपाशी जाऊन, त्या घरांत विचारून, रकान्यातल्या दोन शब्दांमागे काय होते ते लिहून घ्यावे लागते. ती पिढी आता पन्नाशीपलीकडे आहे. हे काम फार काळ लांबवता येणार नाही.

त्यासाठी मोठा निधी किंवा परदेशी सिद्धान्त लागतो असे नाही. आपल्या शाळेची रजिस्टरे आणि मुख्याध्यापकांची परवानगी, एवढ्यावर कोणत्याही शिक्षकाला सुरुवात करता येईल. आणि शाळांना एक साधी विनंती : निकालाच्या फलकावर आणखी एक ओळ लिहा. या तुकडीची मुले पहिलीत आली तेव्हा किती होती?